धार विकत मिळते काय?

गेल्या वर्षी पाडव्याच्या सकाळी फराळाची ताटे पुढ्यात असताना आमच्या भाच्याने एक लांबट, अरुंद खोका आईच्या पुढे केला. भाचा जपानात नोकरीला आहे. तेव्हा आत पंखा असेल, नाहीतर रेशमी रुमाल असेल, अशी सर्वांची अटकळ. निघाली सुरी! "अरे, सणासुदीला सुरी कसली देतोस? हातातून हातात देऊ नये, भांडणं होतात," असे म्हणून आईने ती आधी पाटावर ठेवायला लावली आणि मग उचलली. भांडण व्हायचे ते झालेच. मात्र ते खोक्याच्या तळाशी राहून गेलेल्या किमतीच्या चिठ्ठीमुळे झाले. येनांचे रुपये करण्यात आमची कन्या तरबेज. तिने हिशेब करून आकडा सांगितला. सुमारे १२ हजार रुपये!

दादाच्या हातातली करंजी हातातच राहिली. "बारा हजारांत आमच्या वेळी..." असे त्याने सुरू केले, पण त्याची वेळ ऐकायला कोणी थांबले नाही. वहिनी म्हणाल्या, "माझी दीडशे रुपयांची सुरी काय कापत नाही?" त्यावर भाचा म्हणाला, "मामी, ती कापत नाही, चिरडते." हे बोलणे वहिनींना लागले. पुढचे आठ दिवस त्या नव्या सुरीला त्यांनी हात लावला नाही.

आणि लावला तो नेमका मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी. वाटणासाठी सुके खोबरे हवे होते. वहिनींनी खोबऱ्याची वाटी ओट्यावर ठेवली, वर ती सुरी धरली आणि नेहमीच्या सवयीने मूठ जरा पिळली. 'टक्' असा आवाज झाला. पाहतो तो धारेला तांदळाच्या दाण्याएवढी खांड पडलेली! वहिनींचा चेहरा पाहवेना. "बारा हजारांची ना? माझ्या दीडशेच्या सुरीला सहा वर्षांत असं झालं नाही," एवढेच त्या बोलल्या, आणि बोलल्या ते खरे होते.

त्या खांडेने मला या विषयात ओढले. १२ हजार रुपये नेमके कशाचे, हे समजून घ्यावे म्हणून मी तुळशीबाग पालथी घातली, बोहरी आळीत चार फेऱ्या मारल्या आणि मिळेल ते वाचले. दुकानांतून ज्ञान फारसे मिळाले नाही. "साहेब, ही जर्मन आहे, ही जपानी आहे," यापलीकडे एका ऐटबाज दुकानातल्या तरुणाला काही सांगता येईना. या दोहोंत फरक काय, असे विचारले तेव्हा त्याने किमतीची चिठ्ठी उलटून दाखवली.

फरक आहे आणि तो मोठा आहे. लाडू-वड्या करणाऱ्या गृहिणींना तो सहज कळेल. पाक कच्चा राहिला तर वडी बोटाने दबते. पाक पुढे गेला तर वडी कडक होते, पण आपटली की तुकडे. पोलादाचे तसेच आहे. लोहार लोखंडाला 'पाणी देतो' म्हणजे ते तापवून एकदम थंड करतो. त्याने ते अतिशय कडक पण ठिसूळ होते. मग ते पुन्हा बेताने तापवून त्यातला थोडा ठिसूळपणा काढून टाकतो. हा बेत कुठे थांबवायचा, यावर सुरीचा सारा स्वभाव ठरतो. कडकपणा मोजण्याचे रॉकवेल नावाचे एक माप आहे. जर्मन धाटणीच्या बहुतेक सुऱ्या त्या मापावर ५६ ते ५८ भरतात. जपानी सुऱ्या ६० आणि त्याच्याही वर जातात. आकड्यांत हा फरक किरकोळ वाटतो, पण व्यवहारात त्याने दोन निराळ्या जातींच्या वस्तू तयार होतात. कमी कडक पोलादाची धार आघाताने वाकते, दुमडते. ती पुन्हा सरळ करता येते. जास्त कडक पोलादाची धार अधिक पातळ घासता येते आणि ती पुष्कळ दिवस टिकते, पण तिला पिळले, कठीण वस्तूवर आपटले, की ती वाकत नाही, तुटते. वहिनींच्या हातून झाले ते हेच. दोष त्यांचा नव्हता आणि सुरीचाही नव्हता. मासे आणि भाज्या कापणाऱ्या देशातली ती सुरी खोबऱ्याच्या वाटीशी झुंजायला केलेलीच नव्हती.

न गंजणाऱ्या पोलादाची कथाही येथेच सांगून टाकतो. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड गावी हॅरी ब्रेअर्ली नावाचा गृहस्थ बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून निरनिराळी मिश्रणे करून पाहत होता. सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेले पोलाद गंजत नाही, असे त्याच्या ध्यानात आले. शेफील्ड म्हणजे सुऱ्या-काट्यांचे गाव. तेव्हा त्याला पहिली आठवण सुरीची झाली. पण गावातल्या कारागिरांना ते पोलाद नीट पाणी देऊन वठवता येईना. न कापणाऱ्या सुरीचा जनक, अशी त्यांनी त्याची टर उडवली. ही थट्टा अगदीच निराधार नव्हती. आपल्या बाजारातल्या स्वस्त स्टेनलेस सुऱ्या आजही पुष्कळदा त्याच दुखण्याच्या असतात. गंजत नाहीत, चकाकतात, आणि आठवड्यात बोथटतात. त्यांतले पोलाद मऊ असते आणि पाते जाड असते. उलट आपल्या आज्यांच्या विळीचे पाते साध्या लोखंडी पोलादाचे, काळे, लिंबू लागले की डागाळणारे, पण दगडावर चार हात मारले की पुन्हा लखलखीत धारेचे.

जर्मनीतल्या झोलिंगेन गावाचे नाव आता आपल्याकडच्या जाहिरातींतही वाचावयास मिळते. तेथल्या पेटर हेंकेल्सने १७३१ साली जुळ्यांची खूण आपल्या मालासाठी नोंदवली. ती खूण अजून चालू आहे. गावाच्या नावाचा गैरवापर होऊ लागला तेव्हा १९३८ साली खास कायदा झाला. तेथे तयार झालेल्या मालावरच ते नाव घालता येते. जपानात ओसाकाजवळच्या साकाई गावी अजून एकजण पाते घडवतो, दुसरा त्याला धार देतो, तिसरा मूठ बसवतो. तिघेही आपापल्या कामात आयुष्य घालवतात. अशा सुरीचे मोल म्हणजे तिघा कारागिरांची मजुरी, आणि ती मजुरी योग्य आहे याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती नक्षीबद्दल.

महाग सुऱ्यांच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी, लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते. तिला 'दमास्कस' म्हणतात. आणि गंमत अशी, की ज्या पोलादाच्या कीर्तीवर हे नाव उभे आहे ते आपल्या दख्खनचे. आजच्या तेलंगणातले कोनसमुद्रम, म्हैसूरकडची खेडी, सेलमचा मुलूख, येथल्या भट्ट्यांत मुशीत शिजवलेल्या पोलादाच्या वड्या परदेशी जात. इंग्रज त्याला 'वुट्झ' म्हणत. तो कानडी 'उक्कु' या शब्दाचा अपभ्रंश मानतात. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पाठवले आणि १७९५ साली जॉर्ज पिअरसन यांनी त्यावर निबंध वाचला. त्या निबंधाच्या मथळ्यात हे पोलाद मुंबईत होते असे लिहिले आहे! माल बंदरातून आला म्हणजे बंदरातच पिकला, अशी समजूत. पुढे मायकेल फॅरडे यांनी जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-वस्तऱ्यांच्या कारागिराबरोबर त्याचा अभ्यास केला. फॅरडे हा लोहाराचा मुलगा, तेव्हा हा विषय त्याला घरचाच. त्या पोलादावरची नक्षी त्याच्या अंगातून, शिजण्यातून उमटे. आजच्या बहुतेक सुऱ्यांवरची नक्षी दोन तऱ्हेच्या पोलादांचे थर एकावर एक दाबून, आम्लाने खुलवून काढलेली असते. कापणारी धार मधल्या एकाच साध्या, कडक थराची असते. पैठणीच्या पदराला आपण जास्त पैसे देतो ते ऊब मिळावी म्हणून नव्हे, हे आपल्याला ठाऊक असते. सुरीच्या बाबतीत दुकानदार ते सांगत नाही, एवढेच माझे गाऱ्हाणे.

घडवलेली सुरी चांगली आणि पत्र्यातून कापून काढलेली वाईट, हीही समजूत आता सोडावयास हवी. हल्ली पत्र्यातूनही उत्तम पाते निघते. पाणी नीट दिले आहे ना आणि पाते धारेकडे पुरेसे पातळ केले आहे ना, एवढे पाहावे.

हे सगळे वाचून झाल्यावर घरात एक प्रयोग करण्याचे मी ठरवले. तीन सुऱ्या घेतल्या. वहिनींची दीडशे रुपयांची, बोहरी आळीतून आणलेली अडीच हजारांची एक स्विस बनावटीची, पत्र्यातून कापलेली, प्लास्टिकच्या मुठीची, आणि जपानी. तिन्हींना एकाच दगडावर, माझ्याच हाताने धार लावली. जपानी सुरीची खांड घासून काढायला तीन संध्याकाळी लागल्या, हे सांगितले पाहिजे. पहिल्या दिवशी पिकलेला टोमॅटो तिघींनीही सारखाच कापला. डोळे बांधून कापायला सांगितले असते तर फारतर वजनावरून सुरी ओळखता आली असती. वहिनींनी माझ्याकडे असे पाहिले, की दादाने लगेच वर्तमानपत्र उघडले.

पण महिना जावयाचा होता. आठव्या दिवशी दीडशेची सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरू लागली. स्विस सुरी तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास कुरकुरली. जपानी सुरी महिना उलटला तरी कोथिंबीर अशी कापत होती, की पाटावर हिरवा डाग उमटत नव्हता. म्हणजे जास्त पैशांनी धार मिळत नाही, मुदत मिळते. आठ दिवसांच्या जागी महिना. ज्यांच्या घरी रोज पन्नास डबे जातात, किंवा पोळी-भाजीचे केंद्र आहे, त्यांना ही मुदत सोन्याच्या मोलाची आहे. चौघांच्या घरात तिचे मोल किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र मुदत संपल्यावर १२ हजारांची सुरी आणि दीडशेची सुरी टोमॅटोवरून सारख्याच घसरतात, हे विसरू नये.

आणि आपण ही मुदत किती लवकर संपवतो! ग्रॅनाइटच्या ओट्यावर कांदा चिरणे, स्टीलचे ताट पालथे घालून त्यावर मिरच्या कापणे, खरकट्या भांड्यांच्या ढिगात सुरी टाकणे, मग मावशींनी ती तारेच्या घासणीने धारेवरूनच घासणे. दगडावर आणि स्टीलवर कोणतीही धार टिकत नाही. लाकडी पाट हवा. नाहीतर जाड प्लास्टिकचा चालेल. काचेचा मुळीच नको. धार एवढी नाजूक असते, की अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले, की दाढीचा केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ असूनही वस्तऱ्याच्या धारेचे कण उडवतो. केसाची ही कथा, तर ग्रॅनाइटची काय?

आमच्या गल्लीत धारवाला अजून येतो, महिन्या-दोन महिन्यांनी. सायकल स्टँडवर उभी करतो, पायडल मारतो, चाकातून ठिणग्या उडतात, आणि पोरे भोवती जमतात. जपानी सुरी मी त्याच्याकडे नेली. त्याने ती उजेडात धरली, धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि परत दिली. "ही चाकावर नको, साहेब. तापली की वाया जाईल. हिला पाण्याचा दगड लागतो." चार पैसे मिळत असता नाही म्हणणारा कारागीर पाहून मला बरे वाटले. त्याचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. कोरड्या चाकावर पातळ धार इतकी तापते, की दिलेले पाणी उतरते आणि पोलाद पुन्हा मऊ पडते. मग त्याला रिकाम्या हाताने कसे पाठवावे, म्हणून माळ्यावरची जुनी विळी काढून दिली. ती त्याने मन लावून धारेला लावली.

दगडाला आपल्याकडे निसणा म्हणत. शब्द मागे पडला, तशी सवयही मागे पडली. हल्ली दोन बाजूंचा, एकीकडे हजार नंबरचा आणि दुसरीकडे अधिक बारीक, असा दगड हजार-दीड हजार रुपयांत मिळतो. तो पाण्यात भिजवावा, ओल्या फडक्यावर बसवावा, आणि सुरीची पाठ किंचित उचलून पाते पुढे-मागे न्यावे. किंचित म्हणजे किती? पाते साडेचार सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ सव्वा सेंटिमीटर उचलावी, म्हणजे १६ अंशांच्या आसपास कोन होतो. एका बाजूला घासता घासता दुसऱ्या बाजूच्या काठावर बोटाला बारीकशी खरखर लागते. ती आली की बाजू बदलावी. शेवटी बारीक दगडावर हलक्या हाताने ती खरखर घालवावी. पहिल्या दोन वेळा मला दीड तास लागला आणि धार होती तीही गेली. पाचव्या खेपेपासून वीस मिनिटे पुरतात. दगड आणावयाचा नसेल तर चिनी मातीचा कप पालथा घालावा. त्याच्या बुडाशी चकाकी नसलेली जी खरबरीत कड असते, तिच्यावर आमची आई पन्नास वर्षे सुरी घासत आली.

आईचा उल्लेख आला म्हणून सांगतो, आणि खरे पाहता या लेखाचे कारण तेच आहे. आई आता ७८ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे जमिनीवर बसणे सुटले, तेव्हा विळी माळ्यावर गेली. आयुष्यभर विळीवर दोन्ही हातांनी चिरणारी बाई ओट्यापाशी उभी राहून सुरीने चिरू लागली. मग तिच्या स्वयंपाकातून एकेक पदार्थ कमी होऊ लागला. भोपळ्याची भाजी गेली, कोबीची पचडी गेली. खमंग काकडी करावयाची तर काकडी चोचवावी लागते. ती किसणीवर किसू लागली आणि "आता असंच करतात," असे म्हणू लागली. आम्ही समजलो, वय झाले. अंगठ्याचे सांधे दुखतात, एवढे ती बोलली होती. पण ते कशाने दुखतात, हे कोणी विचारले नाही. बोथट सुरी दाबावी लागते, आणि तो दाब अंगठ्याच्या मुळाशी जातो. शिवाय बोथट सुरी घसरते. तिच्या डाव्या तर्जनीवर दोन व्रण होते. ते मी या प्रयोगाच्या वेळी प्रथम पाहिले. कांदा चिरताना तिचे डोळे फार झोंबत, त्याचेही कारण मला नंतर वाचावयास मिळाले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केले, की बोथट पात्याने कांद्याच्या रसाचे तुषार जास्त आणि जास्त जोराने उडतात.

म्हणजे सहा वर्षे आमच्या घरात दीडशे रुपयांची सुरी, तिला एकदाही न लावलेली धार, आणि दुखणारे अंगठे असा संसार चालला होता. बारा हजारांवरून पाडव्याला वाद घालणाऱ्या आम्हा कर्त्या पुरुषांपैकी कोणी त्या सुरीने एक कांदाही चिरून पाहिला नव्हता.

मला विचाराल तर चौघांच्या घराने दोन-अडीच हजारांची एक चांगली सुरी, दोनशेची एक छोटी, एक लाकडी पाट आणि एक दगड घ्यावा. लाकडी ठोकळ्यात खोचलेला सहा सुऱ्यांचा संच घेऊ नये. त्यांतल्या चार तेथेच म्हाताऱ्या होतात. करवतीसारख्या दात्यांची लोकलमध्ये मिळणारी सुरी टोमॅटो-पावासाठी झकास, पण तिला पुन्हा धार लावणे जवळजवळ अशक्य. पांढऱ्या सिरॅमिकच्या सुरीची धार फार टिकते, पण ती हातातून पडली की तुटण्याची धास्ती. जपानी सुरी ज्याला हौस आहे, जो महिन्याला दगडापाशी बसेल, आणि खोबरे, सुरण, हाडे तिच्यापासून दूर ठेवील, त्याने जरूर घ्यावी. ती सुंदर वस्तू आहे. घरात दगड नसेल तर मात्र तो पैसा मोडीतच गेला म्हणावयाचा.

आमच्याकडे वाटणी अशी झाली आहे. जपानी सुरी माझ्याकडे. रविवारी भाज्या मी चिरतो, वहिनी उभ्या राहून देखरेख करतात. सुक्या खोबऱ्याला विळी, तीही आता दादाने ओट्यावर घट्ट बसवून दिली आहे. वहिनींची दीडशेची सुरी वहिनींचीच, फक्त दर शनिवारी मी ती दगडावर घेतो. हलकी स्विस सुरी आईने मागून घेतली.

परवा भाच्याचा फोन आला होता. सुरी कशी आहे, असे त्याने विचारले. "तुझी मामाने ढापली," आई म्हणाली, "आणि मामाने आणलेली मी. तू येशील तेव्हा खमंग काकडी करीन. चोचवलेली. पण शनिवारनंतर ये, धार ताजी असते."